उघडीप मिळेपर्यंत: पावसाळी, गार दिवसांत सह्याद्रीतली फुलपाखरं कशी शोधावीत

जुलै-ऑगस्टमध्ये फुलपाखरं नसतात असं समजून अनेक जण दुर्बीण कपाटात ठेवतात, ती दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढतात. घाटमाथ्यावर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा फुलपाखरांचा सुकाळ असतो, हे खरंच आहे. पण त्या सुकाळाची पेरणी पावसातच झालेली असते. अंडी, अळ्या, कोष आणि पानाआड दडून बसलेली प्रौढ फुलपाखरं, सगळं जुलैतही जागेवर असतं. शोधण्याची रीत तेवढी बदलावी लागते.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप उलगडतं. उडण्यासाठी फुलपाखराच्या छातीतले स्नायू साधारण ३० अंशांच्या आसपास तापलेले लागतात. ऑगस्टमध्ये आंबोलीला किंवा महाबळेश्वरला भर दुपारी हवा २० अंशांच्या आसपास असते. मधली ऊब उन्हातून मिळवायची असते. ऊन नाही म्हणजे उड्डाण नाही, आणि वारा असेल तर मिळालेली ऊबही निघून जाते. लहान फुलपाखरू लवकर तापतं आणि तितक्याच लवकर गार होतं. मोठ्याला तापायला वेळ लागतो, पण एकदा तापलं की ते ढगाखालीही थोडा वेळ उडू शकतं. पंखांवरच्या खवल्यांवर पाणी ठरत नाही, त्यामुळे भुरभुर पावसाचा त्रास फारसा नसतो. टपोरा थेंब मात्र फुलपाखराच्या वजनाच्या मानाने मोठा मारच असतो. म्हणून सर सुरू होण्याआधीच ती आडोसा गाठतात.

दिवस आणि जागा

पावसाळ्यात जागा निवडताना नकाशापेक्षा डोंगराची बाजू महत्त्वाची. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम ३०-३५ किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही आत. माथ्यावर धुकं आणि संततधार असेल, तर दिवस वाया गेला असं न समजता पूर्वेला उतरा. ताम्हिणीत पाऊस कोसळत असताना मुळशीच्या अलीकडे पौडच्या बाजूला ऊन-सावलीचा खेळ चाललेला असतो. आंबोलीत अडकलात तर आजऱ्याच्या दिशेला सरका. माथा आणि कोरडा पट्टा यांच्या मधली चिंचोळी पट्टी, जिथे झाडी अजून घाटाची आहे पण ढग फाटायला लागलेत, ती पावसाळ्यातली सगळ्यात फलदायी जागा.

त्या पट्टीतही पूर्वेला किंवा आग्नेयेला तोंड असलेला उतार निवडावा. नैर्ऋत्येचा वारा डोंगर अडवतो आणि सकाळचं ऊन आधी तिथे पोचतं. देवराईची कड, जंगलातून जाणारा बैलगाडी-रस्ता, ओढ्यालगतचा मोकळा तुकडा, शेताच्या बांधावरची झुडपं, अशा दोन प्रकारच्या जागा जिथे भिडतात तिथे थांबावं. सताड उघडा सडा (कातळाचं पठार) पावसात जवळजवळ रिकामा असतो. दाट जंगलाच्या पोटातही उजेड पोचत नाही.

आदल्या रात्रीचा अंदाज ढोबळच समजा. सकाळी निघताना हवामान खात्याचं उपग्रहचित्र आणि जवळच्या डॉप्लर रडारचं चित्र पाहा. ढगांच्या पट्ट्यात फट दिसत असेल तर ती तुमच्या जागी साधारण कधी पोचेल, याचा अदमास बांधता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेबारा ही वेळ धरावी. सप्टेंबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा सकाळ आणखी लवकर पकडावी.

सोबत काय घ्यावं

दुर्बीण ८×३२ किंवा ८×४२ चालेल, पण घेताना तिचं जवळचं फोकस २ मीटरच्या आत आहे ना, हे तपासा. पक्ष्यांसाठी घेतलेल्या अनेक दुर्बिणी ३-४ मीटरच्या आत धूसर होतात आणि पावसाळ्यातली बहुतेक फुलपाखरं हाताच्या अंतरावरच सापडतात. फक्त कीटकांसाठीच घ्यायची असेल तर पेंटॅक्स पॅपिलिओ ६.५×२१ ही अर्ध्या मीटरपर्यंत फोकस करते. किंमत आणि वजन, दोन्ही आवाक्यातलं.

छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. तरी एक छोटी छत्री कॅमेऱ्यासाठी ठेवा. दोन कोरडे सुती रुमाल, झिपची प्लास्टिक पिशवी, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, शिसपेन्सिल (शाईचं पेन ओल्या कागदावर दगा देतं), आणि साधारण एक मीटर लांबीची गुळगुळीत काठी. काठीचं काम पुढे येईल. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे सगळ्यात खात्रीचे. मीठ किंवा तंबाखूचं पाणी पावसात अर्ध्या तासात धुऊन जातं.

ढग असताना: पानाच्या खाली पाहा

इथे बहुतेकांची चूक वेगात होते. उन्हाळ्यात जशी पायवाट चालत जाऊन हालचाल टिपायची, तशीच इथेही केली जाते, आणि हाती काही लागत नाही. ढगाळ दिवशी १०० मीटरच्या पट्ट्याला पाऊण तास द्यावा. एका जागी उभं राहून आधी गुडघ्याच्या, मग कमरेच्या, मग डोळ्यांच्या उंचीवर नजर फिरवावी आणि शेवटी खाली वाकून तोच पट्टा खालून वर पाहावा. वरून दिसणारी पानं आणि खालून दिसणारी पानं, यांत अगदी वेगळी वस्ती असते.

कोण कुठे दडतं याची थोडी उजळणी केली की शोध निम्मा होतो. वॉटर स्नो फ्लॅट आणि कॉमन मॅप पंख सपाट पसरून पानाच्या खालच्या बाजूला चिकटतात. वरून पाहिलं तर पत्ताच लागत नाही. छोटी निळी फुलपाखरं गवताच्या तुऱ्यावर, बरेचदा डोकं खाली करून बसतात. कॉमन मॉरमॉन आणि राणी पाकोळी (ब्लू मॉरमॉन) झुडपाच्या आतल्या, वर छत असलेल्या पानावर पंख पसरून बसलेली सापडतात. क्रो आणि टायगर गटातली फुलपाखरं सुकलेल्या काटक्यांना ओळीने लटकतात. एक दिसलं की त्याच काटकीवर आणखी शोधा. मात्र जुलैत घाटात टायगर कमी दिसले तर नवल वाटू देऊ नका. दक्षिण भारतात या गटातली बरीच फुलपाखरं पावसाच्या तोंडावर पश्चिम घाटातून पूर्वेच्या सपाट प्रदेशाकडे जातात आणि पावसानंतर परततात.

काही जाती तर ढगाळ हवेच्याच. बुशब्राऊन, ट्रीब्राऊन, इव्हनिंग ब्राऊन या तपकिरी मंडळींना झाडाखालचा मंद उजेड पुरतो. बांबूच्या बेटाजवळ, कुजलेल्या पाचोळ्यावर ती पायाजवळून उठतात, दोन-तीन मीटर जाऊन पुन्हा बसतात. उठलं की पाठलाग करू नका. बसलेली जागा नजरेने पक्की करा, एक मिनिट स्तब्ध राहा, मग दुर्बीण लावा. रेस्टलेस डेमनही सावलीत फुलांवर येतं. रानहळद आणि सोनटक्का यांच्या आसपास थांबावं.

आता काठी. पान हाताने उलटू नका. पावसाळ्यात चापडा हा हिरवा विषारी साप आणि त्याचा मलबारी भाऊबंद झुडपांवर, अगदी कमरेच्या-छातीच्या उंचीवर, तासन्‌तास निश्चल बसतो. आंबोली, तिलारी, चोर्ला या भागांत तर याची सवयच लावून घ्यावी: आधी फांदी दोन्ही बाजूंनी डोळ्यांनी तपासायची, मग काठीच्या टोकाने पान अलगद उचलायचं. झुडूप हलवून फुलपाखरं उठवणं हा प्रकार तर कधीच करू नये. गारठलेलं फुलपाखरू उडू शकत नाही. ते खाली चिखलात पडतं आणि मुंग्यांच्या तोंडी जातं. भिजलेल्या फुलपाखराला बोटावर घेऊन "वाळवायला" जाणंही तसंच. पंखांचे खवले बोटाला लागतात आणि पुढच्या सरीत त्याचं पाणी झटकायचं साधन गेलेलं असतं.

उघडीप

आता खरा खेळ. ढग फाटताना प्रखर ऊन यायलाच हवं असं नाही. जमिनीवर तुमच्या अंगाची सावली फिकट का होईना, पण कडेसह दिसायला लागली, की फुलपाखरांना पुरेसा उजेड मिळाला समजा. अशी उघडीप कधी पाच मिनिटांची असते, कधी अर्ध्या तासाची. ती आल्यावर जागा शोधायला निघालात तर संपली. पाऊस चालू असतानाच ठरवा की ऊन आलं तर पहिली तिरीप कुठे पडेल, आणि तिथे पाच-सहा पावलं मागे, सावली त्या जागेवर पडणार नाही अशा बेताने उभे राहा.

पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत लहान मंडळी येतात: निळी, ग्रास यलो, गवतावरचे स्किपर. ऊन खाण्याच्या प्रत्येकाच्या बैठकीवरून गट ओळखता येतो. पॅन्झी पंख पूर्ण उघडून सपाट बसतात. ग्रास यलो पंख मिटूनच अंग उन्हाकडे कलतं करतं. गवती स्किपर मागचे पंख आडवे आणि पुढचे अर्धवट उभे ठेवतात, लढाऊ विमानासारखे. या काळात त्यांचं लक्ष तापण्याकडे असतं, त्यामुळे एरवी दोन मीटरवरून उडणारं पॅन्झी एक मीटरपर्यंत जवळ येऊ देतं. जवळ जाताना कंबर वाकवून, एका रेषेत, मध्ये न थांबता पण अगदी हळू जावं. बाजूने आडवं गेलं की ते उठतं.

पाच ते दहा मिनिटं ऊन टिकलं तर मॉरमॉन, टेल्ड जे, बॅरन यांसारखी मोठी मंडळी बाहेर पडतात आणि थेट फुलांवर जातात. घाणेरी, तेरडा, पागोडा यांच्यापैकी एक झुडूप उन्हाच्या तुकड्यात असेल तर तिथून हलू नका. उन्हाळ्यात ओल्या वाळूवर जमणारे थवे मात्र आता फारसे दिसत नाहीत. सगळीकडे पाणीच असल्यामुळे कोणालाही एका जागी यायची गरज उरत नाही. त्याऐवजी ताजं शेण, पायवाटेवर मेलेला खेकडा, फणसाचं सडलेलं फळ, झाडातून पाझरणारा चीक, हे तपासा. नवाब आणि राजा गटातली फुलपाखरं अशाच ठिकाणी उतरतात.

तुमच्या स्वतःच्या शेतात किंवा परसात आमिष ठेवायचं असेल तर तीन अतिपिकलेली केळी आणि १०० ग्रॅम गूळ एकत्र कुस्करून दोन दिवस झाकून ठेवावं. आंबूस वास आला की त्यातला मूठभर गोळा छत असलेल्या खोडाच्या बेचक्यात, साधारण सव्वा मीटर उंचीवर लावावा. उघड्यावर लावलेला गोळा पहिल्याच सरीत वाहून जातो आणि तीन दिवसांहून जुना बुरशीने पांढरा होतो. त्यावर मग माश्याच येतात. अभयारण्यात आमिष लावू नये.

पाऊस थांबतच नसेल तर: अंडी, अळ्या, कोष

आमच्या मते पावसाळ्यातलं खरं निरीक्षण हेच. यासाठी ऊन लागत नाही, आणि जातींची यादी प्रौढ फुलपाखरांइतकीच लांब होऊ शकते. अट एकच: फुलपाखराचं नाव शिकण्याआधी झाडाचं नाव शिकायचं.

घरापासूनच सुरुवात करा. कडीपत्ता आणि लिंबाच्या कोवळ्या शेंड्यावर साधारण एक मिलिमीटरचं, फिकट पिवळं, गोल अंडं एकेकटं दिसेल. त्यातून येणारी अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी असते आणि शेवटची कात टाकल्यावर हिरवी होते. डिवचल्यावर डोक्यामागून दोन शिंगं काढून उग्र वास सोडते. लहान अळीवरून लाइम की कॉमन मॉरमॉन हे ठरवायच्या फंदात पडू नये. नोंद गटाच्या नावाने करावी. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना धरा, सलग ढगाळ-गार दिवस असतील तर जास्त.

रस्त्याकडेचा टाकळा जूनच्या शेवटी हाताएवढा होतो आणि त्याच्या पानांवर मॉटल्ड एमिग्रंटची उभी, तांदळाच्या कणीसारखी अंडी दिसू लागतात. रुईच्या पानांखाली बिबळ्या कडव्याची (प्लेन टायगरची) काळी-पांढरी-पिवळी पट्टेरी अळी, अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, आसुपालव अशोक आणि सीताफळावर टेल्ड जे, बोरीवर कॉमन पिएरो, बांडगुळावर हळदीकुंकू (कॉमन जेझेबेल), घोळीवर डॅनेड एगफ्लाय, कारवीवर ब्लू ओकलीफ. कण्हेरीच्या पानाखाली चांदीचा मुलामा दिल्यासारखा कोष लटकलेला दिसला तर तो कॉमन क्रो.

हळदीची किंवा रानहळदीची पानं सावकाश पाहावीत. पानाची कड दुमडून, धाग्याने शिवून केलेली नळी दिसली तर आत बहुधा ग्रास डेमनची काळ्या डोक्याची, आरपार दिसावी अशी हिरवट अळी असते. नळी उकलू नका. उजेडाकडे धरून पाहिलं तरी आतली आकृती कळते. इथे एक गफलत नेहमी होते. खोडाला भोक आणि भोकातून बाहेर आलेला भुसा दिसला तर ती खोडकिड्याची, म्हणजे पतंगाची अळी. एरंडावरही तसंच: अंगभर फांद्या फुटलेले काटे असलेली अळी कॅस्टर फुलपाखराची, आणि बिनकाट्याची, पाठीची कमान करून चालणारी ती उंटअळी.

अळी घरी नेऊन वाढवायचा मोह पावसाळ्यात आवरावा. बंद डबीतल्या दमटपणात विष्ठेवर बुरशी येते, अळ्या मऊ पडून काळ्या होतात आणि एकीचा रोग सगळ्यांना लागतो. फांदीवरच ठेवा आणि दर दोन दिवसांनी त्याच पानाला भेट द्या. अळीच्या अंगावर पांढरे बारीक कोश चिकटलेले दिसले तर ते परजीवी गांधीलमाशीचे असतात. काढून टाकण्याची धडपड करू नका, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या गार, ओल्या एप्रिल-मेमध्ये हीच युक्ती उपयोगी पडते. ऑरेंज टिप ढगाळ दिवशी पांढऱ्या फुलोऱ्यांवर पंख मिटून बसतं, आणि त्याचं नारिंगी अंडं गार्लिक मस्टर्डच्या फुलांच्या देठाशी भर पावसातही सापडतं.

ओळख पटवताना

पावसाळ्यात बऱ्याच जाती वेगळा पोशाख घालतात. पीकॉक पॅन्झीचे पंख आता गोलसर आणि खालच्या बाजूला डोळ्यांसारखी वर्तुळं. डिसेंबरात तेच फुलपाखरू टोकदार, सुकल्या पानासारखं. इव्हनिंग ब्राऊन, बुशब्राऊन आणि रिंग गटातली वर्तुळं आता ठळक असतात, कोरड्या दिवसांत ठिपक्यांएवढी उरतात. पुस्तकातलं चित्र कुठल्या हंगामातलं आहे, हे आधी पाहा.

नकलाकारांना गाठायला ढगाळ दिवसासारखा दिवस नाही, कारण ते बसून राहतात. कॉमन मॉरमॉनची मादी रोझ फुलपाखरांची नक्कल करते. पोट पाहा, रोझचं लाल, मॉरमॉनचं काळं. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात. त्याची नक्कल करणाऱ्या डॅनेड एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच.

फोटोसाठी आयएसओ ८०० ते १६००, शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ नको, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर पंखाच्या पातळीला समांतर. तपकिरी फुलपाखरांची खालची बाजू आधी टिपा, वरची नंतर. गाडीतल्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर भिंगावर दहा मिनिटं बाष्प बसतं, आणि उघडीप तेवढ्यातच संपते. पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेला सरावू द्या.

नोंद कशी ठेवावी

तारीख, वेळ, जागा, तापमान, ढग किती, वारा किती, पाऊस चालू की थांबलेला. काहीच दिसलं नाही तरी तीही नोंद लिहा. ब्रिटनमध्ये १९७६ पासून चाललेल्या फुलपाखरू-गणनेत ठरलेल्या वाटेवर दोन्ही बाजू मिळून ५ मीटरच्या पट्ट्यात मोजतात, १३ अंशांच्या खाली मोजतच नाहीत, आणि १७ च्या वर ढग असले तरी मोजतात. आपल्याकडे पारा क्वचितच तेवढा उतरतो, म्हणून तापमानाच्या अटीऐवजी "सावली दिसते का" हा रकाना ठेवा. अळी-अंडी वेगळ्या पानावर, सोबत झाडाचं नाव. जाळं बाळगू नका. अनेक जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि पकडायला वनखात्याची परवानगी लागते.

ओढ्याकाठी असाल तर पाणी गढूळ होतंय का, याकडे लक्ष असू द्या. वरच्या अंगाला पाऊस झाला की इकडे ऊन असतानाही पाणी चढतं. साप चावला तर चोखणं-बांधणं न करता अवयव हलू न देता १०८ ला फोन करा.

निघण्याची घाई मात्र करू नका. सूर्यास्ताच्या आसपासची वीस-पंचवीस मिनिटं इव्हनिंग ब्राऊनची असतात. दिवसभर पाचोळ्यात पडून राहिलेली ही फुलपाखरं तेव्हा झुडपांच्या कडेने एकमेकांमागे गिरक्या घेतात, पाऊस भुरभुरत असला तरी. अंधार पडल्यावर मुक्कामाच्या घराच्या पडवीतला दिवाही पाहा. पतंगांच्या गर्दीत मिटल्या पंखांचं एखादं इव्हनिंग ब्राऊन भिंतीला टेकून बसलेलं असतं, आणि खालची वर्तुळं मोजायला त्याच्याइतकं निवांत फुलपाखरू दिवसा सापडत नाही.